प्राचीन दख्खनमधील आजार, इजा आणि अवर्षण : बीड परिसराच्या संदर्भात पुराविकृतिशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरे यांना मानाचे स्थान आहे. या साधनांतून राजांच्या वंशावळी समजतात, दानधर्म समजतो, लढाया आणि तह समजतात. मात्र सामान्य माणूस काय खात होता, त्याची किती मुले जगत होती, कोणत्या दुखण्याने तो खंगत होता, याविषयी ही साधने बहुधा मौन पाळतात. ज्या समाजांना लेखनकला अवगत नव्हती त्यांच्याबाबतीत तर असे लिखित साधनही हाती लागत नाही. अशा समाजांचा इतिहास त्यांची घरे, मडकी, अवजारे आणि चुलीतील जळके दाणे यांवरून उभा करावा लागतो. या सर्व साधनांपेक्षा माणसाच्या अधिक निकटचे असे आणखी एक साधन आहे व ते म्हणजे त्याच्या स्वतःच्या अस्थी.

प्राचीन मानवी अवशेषांवरून त्या काळातील आजार, कुपोषण आणि इजा यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस पुराविकृतिशास्त्र असे म्हणतात. पुरातत्त्व, शरीररचनाशास्त्र, मानवशास्त्र आणि वैद्यक या चार विद्यांच्या सीमेवर ही शाखा उभी आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष आहे. कारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात दख्खनच्या पठारावर वस्ती करणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांच्या अस्थी येथे मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या पुराव्याचा परामर्श घेऊन, अवर्षणाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या बीड जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

बीड जिल्ह्याचे स्थान आणि जोर्वे संस्कृती

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटची डोंगररांग गेली आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढे गोदावरीलाच मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला व सिंदफणा गोदावरीला मिळते. याउलट आष्टी तालुक्याच्या बाजूने वाहणारी सीना ही भीमेची उपनदी आहे. म्हणजेच गोदावरी आणि भीमा या दख्खनमधील दोन मोठ्या खोऱ्यांचा जलविभाजक या जिल्ह्यातून जातो. ही केवळ भूगोलाच्या पुस्तकातील नोंद नाही. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींची प्रमुख संस्कृती जोर्वे या नावाने ओळखली जाते. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननावरून हे नाव रूढ झाले. त्यानंतर प्रवरेकाठी नेवासे व दायमाबाद, गोदावरीकाठी पैठण तालुक्यातील आपेगाव आणि भीमेची उपनदी असलेल्या घोडनदीकाठी शिरूर तालुक्यातील इनामगाव अशा अनेक स्थळांचे उत्खनन झाले. या वसाहतींतील लोक सातू, गहू, मसूर, कुळीथ अशी पिके घेत, गाई-बैल व शेळ्या-मेंढ्या पाळत, मासेमारी व शिकार करीत. तांब्याचा वापर त्यांना ठाऊक होता; परंतु दैनंदिन कामासाठी गारगोटीच्या जातीच्या दगडांची पातीच अधिक वापरात होती.

इ.स.पू. १००० च्या सुमारास गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे वसाहती ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगावसारख्या ठिकाणी वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत टिकून राहिली. एका खोऱ्यातील गावे उठली आणि शेजारच्या खोऱ्यातील काही गावे आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिली, हे असे का घडले व टिकून राहिलेल्यांनी त्यासाठी काय किंमत मोजली, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

पुराविकृतिशास्त्राची वाटचाल

प्राचीन रोगांच्या अभ्यासास शास्त्रीय रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या प्रारंभी आले. मार्क आर्मंड रफर या वैद्यकतज्ज्ञाने इजिप्तमधील ममींच्या मूत्रपिंडांत बिलहार्झिया या रोगाच्या कृमींची अंडी दाखवून दिली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या मृतदेहातूनही रोगाचे निदान करता येते, हे सिद्ध झाले.

भारतात या अभ्यासाचा पाया घालण्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा आहे. १९३९ मध्ये या संस्थेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. इरावती कर्वे हे दोघेही तेथे रुजू झाले. एक पुरातत्त्वज्ञ तर दुसऱ्या मानवशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे या दोघांनी केलेल्या संयुक्त कार्यात प्राचीन मानवी सांगाडे हाती आले. अस्थी हा उत्खननातील अडथळा नसून तो पुरावा आहे, ही दृष्टी या सहकार्यातून रुजली. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी, डेक्कन कॉलेजमधील डॉ. सुभाष वाळिंबे, ऑरेगन विद्यापीठाचे जॉन ल्यूकाक्स आणि त्यानंतरच्या पिढीत डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, ग्वेन रॉबिन्स शुग आदी अभ्यासकांनी दख्खनमधील सांगाड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला.

या परंपरेतील एक उल्लेखनीय शोध राजस्थानातील आहे. उदयपूरजवळील बालाथल येथील ताम्रपाषाणयुगीन स्थळी सापडलेल्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या सांगाड्याविषयीचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगाचा भारतातील इतिहास ग्रंथांतील उल्लेखांच्याही मागे नेणारा हा पुरावा केवळ हाडांच्या बारकाईने केलेल्या परीक्षणातून मिळाला, ही बाब लक्षणीय आहे.

अस्थी आणि दात काय सांगतात ?

सर्वच आजारांची खूण हाडावर उमटत नाही. पटकी, देवी किंवा तीव्र ज्वर माणसाला काही दिवसांत गाठतात आणि हाडाला बदलण्यास अवधीच मिळत नाही. ज्या व्याधी दीर्घकाळ अंगात राहतात त्यांचीच नोंद हाड ठेवते. मणक्याचा क्षय, कुष्ठरोग, सांध्यांची झीज, हाडाच्या आवरणाची सूज, जुने अस्थिभंग ही त्याची उदाहरणे होत. दीर्घकाळच्या रक्तक्षयात डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर आणि कवटीच्या हाडावर बारीक छिद्रे पडलेली दिसू शकतात. अशी छिद्रे इतर कारणांनीही पडतात. म्हणून एका खुणेवरून निदान न करता संपूर्ण सांगाड्यातील खुणांचा मेळ घालावा लागतो.

दात हे याहून अधिक विश्वासार्ह साधन आहे. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने घडते; दाताचे कवच मात्र एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. कवच तयार होत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले तर त्या काळाची रेघ वा खळगा दातावर कायमचा राहतो. दुधाच्या सुळ्याच्या कवचाचा बराचसा भाग जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होतो. त्यामुळे या सुळ्यावरील खळगा बाळाच्या पहिल्या महिन्यांतील स्थितीची आणि पर्यायाने गरोदरपणातील मातेच्या पोषणाचीही साक्ष देतो. जिचे नाव किंवा चेहरा कोणालाही कळणार नाही अशा मातेच्या उपासमारीची नोंद तिच्या मुलाच्या दातात साडेतीन हजार वर्षे टिकून राहते.

कीड लागलेले दात आहाराची माहिती देतात. पिठूळ अन्न दातांच्या फटीत अडकते व कीड वाढते. म्हणून ज्या समाजाच्या आहारात धान्याचे प्रमाण अधिक, त्या समाजात किडक्या दातांचे प्रमाणही सामान्यतः अधिक आढळते. शिकार, मासेमारी व कंदमुळे यांवर अधिक विसंबणाऱ्या समाजात ते कमी असते. दातांवरील उपचारांचाही इतिहास मोठा आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडल्याचे आढळले असून तो पुरावा साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

तिसरे साधन म्हणजे मुलाची वाढ. दात येण्याच्या व घडण्याच्या टप्प्यांवरून मृत मुलाचे वय महिन्यांच्या अंतराने सांगता येते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून त्याची उंची काढता येते. वय आणि उंची यांचा मेळ बसला नाही, म्हणजे वयाच्या मानाने हाड आखूड असले, तर वाढ खुंटली असे अनुमान निघते. आज गावोगावच्या अंगणवाडीत मुलांची उंची व वजन मोजून कुपोषण ठरविले जाते. त्यामागचे तत्त्व नेमके हेच आहे.

इनामगावचा पुरावा

इनामगाव येथील उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली केले. शंभराहून अधिक घरे उजेडात आणणारे हे उत्खनन भारतीय पुरातत्त्वात मानदंड ठरले. वस्तीचे तीन कालखंड निश्चित करण्यात आले : माळवा (इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००).

पूर्व जोर्वे काळात गाव समृद्ध होते. मोठी चौकोनी घरे, धान्यकोठार, नदीच्या पुराचे पाणी वळविणारा पाट व त्यालगतचा बांध अशी सामूहिक कामे त्या काळात झाली. उत्तर जोर्वे काळात चित्र पालटले. मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, शिकारीच्या प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण वाढले. लोक वर्षाचा काही काळ भटकंती करीत असावेत, असे अनुमान उत्खननकर्त्यांनी काढले. ढवळीकरांनी या ऱ्हासाचे कारण वाढत्या रुक्षतेत शोधले. पाऊस कमी झाला, शेती हटली आणि पशुपालनाचा व शिकारीचा आधार घ्यावा लागला, अशी त्यांची मांडणी आहे.

इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली व त्यांतील बहुसंख्य बालकांची आहेत. मृत बालकास दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना जुळवून, ती घराच्या जमिनीखालीच पुरत. मृतदेहाची दिशा सामान्यतः उत्तर-दक्षिण असे. मूल घरातून गेले तरी घराबाहेर जाऊ नये, ही भावना या प्रथेमागे असावी. या प्रथेचा अभ्यासकांना एक अनपेक्षित लाभ झाला. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या हालचालीत उघडी हाडे मोडतात. मडक्यांच्या कवचात मात्र तान्ह्या बालकांची नाजूक हाडेही टिकून राहिली. जगात अन्यत्र क्वचितच मिळणारा बालकांच्या अस्थींचा एवढा मोठा संच अशा रीतीने हाती आला.

दातांची साक्ष आणि हाडांची साक्ष

शेती हटल्यामुळे इनामगावच्या लोकांचे आरोग्य बिघडले की सुधारले, या प्रश्नाचे उत्तर या संचाने द्यावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन भिन्न उत्तरे पुढे आली.

ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील मुलांच्या दातांचा तपशीलवार अभ्यास केला. उत्तर जोर्वे काळात शेतीवरील भर कमी होऊन जीवन काहीसे भटके झाले, तेव्हा आरोग्यावरील ताण सर्वच बाबतींत वाढला असे दातांवरून दिसत नाही. उलट काही निकषांवर तो कमी झाल्याचे दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या निष्कर्षास एक व्यापक पार्श्वभूमी आहे. शेतीचा स्वीकार केल्यानंतर जगाच्या अनेक भागांत माणसाचे दात किडले, उंची घटली आणि दाट वस्तीमुळे संसर्ग वाढले, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनात आढळून आले होते. तेव्हा शेतीपासून माघार घेतल्यास आरोग्य काही अंशी सुधारावे, हे तर्कास धरून होते.

ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच संचातील मुलांच्या मांडीच्या हाडांचा अभ्यास केला. हाडाची लांबी व जाडी यांवरून त्यांनी मुलांची उंची व देहभार यांचे अनुमान काढले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याचा निष्कर्ष मांडला आहे. ऱ्हासाचे खापर केवळ हवामानावर न फोडता माणसांनी जमीन व साधने कशी वापरली याचाही विचार झाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका आहे.

वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी आहेत. बारकाईने पाहिल्यास मात्र ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे असल्याचे लक्षात येते. दुधाच्या सुळ्यावरील खळगा बाळाच्या पहिल्या काही महिन्यांविषयी बोलतो. त्या वयात मूल आईच्या दुधावर असते. मांडीचे हाड मृत्यूच्या क्षणापर्यंतच्या वाढीविषयी बोलते व त्यात अंगावरचे दूध तुटल्यानंतरचा खडतर काळही येतो. आईने आपल्या वाट्याचे पोषण देऊन तान्ह्या बाळाला सांभाळले, परंतु दूध सुटल्यावर घरात पुरेसे अन्न नव्हते, अशी परिस्थिती असल्यास दात बरा आणि हाड खुजे हे दोन्ही एकाच वेळी संभवते. तसेच किडक्या दातांचे प्रमाण कमी होणे म्हणजे आहार चांगला होणे नव्हे. ते धान्य कमी मिळाल्याचेही लक्षण असू शकते. भरल्या ताटात दात किडतात आणि रिकाम्या ताटात ते शाबूत राहतात, हा विरोधाभास या शास्त्राच्या अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवावा लागतो.

पुराव्याच्या मर्यादा

या मर्यादेची अधिक मूलगामी चर्चा १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या मते सांगाड्यांचा संच हा त्या समाजाचा यथार्थ नमुना नसतो. बालकांचे सांगाडे हे जी मुले दगावली त्यांचे असतात. जी जगली त्यांचे नसतात. दुसरे असे, की हाडावर खूण उमटण्यासाठी आजाऱ्याने आजाराशी काही काळ टक्कर द्यावी लागते. जो पहिल्याच आघातात मरण पावला त्याचे हाड निरोगी दिसते. म्हणजे खुणा असलेला सांगाडा कधी कधी अधिक चिवट माणसाचा असतो आणि स्वच्छ सांगाडा दुर्बळाचा.

दफनभूमीत बालकांचे प्रमाण अधिक असणे हेही नेहमीच वाढत्या बालमृत्यूचे निदर्शक नसते. जन्मदर वाढला तरी एकूण मृतांत बालकांचे प्रमाण वाढते. शिवाय प्रौढांचे दफन अन्यत्र होत असल्यास घराखालील संचात मुलेच अधिक मिळणार, हे उघड आहे.

मातीमुळे होणारे बदल हा आणखी एक फसवा घटक आहे. मातीतील मँगनीजसारख्या द्रव्यांमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात व ते फ्लोराइडच्या विकाराचे वाटू शकतात. मुळांच्या वाढीने हाडावर चरे पडतात व ते शस्त्राच्या जखमेसारखे दिसतात. उष्ण प्रदेशात प्राचीन जनुकीय द्रव्यही सहसा टिकत नाही. यामुळे दख्खनमधील निदान बव्हंशी डोळा, भिंग आणि क्ष-किरण यांवरच अवलंबून राहिले आहे.

इजा की विधी ?

इजांच्या अभ्यासात काळाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. जिवंतपणी मोडलेले हाड काही आठवड्यांत भरून येऊ लागते. कडा गोलावतात व नवे हाड तयार होते. मृत्यूच्या वेळी झालेल्या आघातात हाड ओलसर असल्याने ते विशिष्ट प्रकारे फुटते, पण भरून आल्याची खूण नसते. मृत्यूनंतर फार काळाने मोडलेल्या हाडाच्या कडा कोरड्या, खडबडीत व फिक्या रंगाच्या असतात.

या तत्त्वाचे मार्मिक उदाहरण इनामगावात मिळते. तेथील प्रौढांच्या अनेक दफनांत पाय घोट्याच्या वर तोडलेले आढळले. प्रथमदर्शनी हा क्रौर्याचा किंवा अपघाताचा पुरावा वाटेल. परंतु ही गोष्ट वारंवार व ठराविक पद्धतीने आढळत असल्याने तो दफनविधीचा भाग मानला जातो. मृताने उठून चालू नये, त्याचा आत्मा भटकू नये, अशी समजूत त्यामागे असावी. याला अपवाद ठरणारे एक दफन प्रसिद्ध आहे. चार पायांच्या, पोट फुगीर असलेल्या कच्च्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षे वयाचा एक पुरुष बसलेल्या अवस्थेत आढळला आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावातील विशेष दर्जाचा पुरुष असावा असे मानले जाते. शारीरिक पुरावा आणि सामाजिक रचना यांचा संबंध येथे स्पष्टपणे दिसून येतो. हाडावरील प्रत्येक घाव ही इजा नसते आणि प्रत्येक इजा ही हिंसा नसते, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

बीड परिसराच्या दृष्टीने महत्त्व

या सर्व विवेचनाचा बीड जिल्ह्याशी संबंध तीन प्रकारे येतो.

पहिला संबंध भौगोलिक आहे. दख्खनमधील बालकांच्या अस्थींचे अभ्यासलेले मोठे संच नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथून आले. यांतील पहिली दोन स्थळे प्रवरेकाठची म्हणजे गोदावरी खोऱ्यातील असून तिसरे भीमेच्या खोऱ्यातील आहे. एका खोऱ्यातील वसाहती ओस पडल्या आणि दुसऱ्यातील टिकल्या, याचा उलगडा करायचा तर दोन्ही खोऱ्यांना जोडणारा प्रदेश महत्त्वाचा ठरतो. माणसे, गुरे आणि कदाचित आजारही ज्या वाटांनी एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेले असतील, त्या वाटा बालाघाटच्या परिसरातून जाऊ शकतात.

दुसरा संबंध सामाजिक आहे. बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही येथील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात व अनेकदा लहान मुलेही त्यांच्याबरोबर जातात. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळातील हंगामी भटकंती आणि आजची ऊसतोड यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. कारण उचल, मुकादम आणि साखर कारखाना ही आधुनिक अर्थव्यवस्थेची अंगे आहेत. तथापि एक पद्धतशीर मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. स्थलांतर हे टिकून राहण्याचे साधन असते. पण त्याचा भार घरातील सर्वांवर सारखा पडत नाही. गाव टिकले, याचा अर्थ गावातील मूल सुखरूप राहिले असा होत नाही. इनामगाव तीनशे वर्षे अधिक टिकले, हे पांढरीवरून समजते. त्या टिकण्याचा भार कोणी वाहिला, हे लहानग्यांच्या हाडांवरून समजते. दुष्काळाचा इतिहास केवळ पावसाच्या आणि पिकाच्या आकड्यांनी लिहिला जाऊ नये, असे हा पुरावा सुचवितो.

तिसरा संबंध पुराव्याच्या रक्षणाचा आहे. मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या साचलेली राख, शेण, मातीच्या भिंती आणि केरकचरा यांमुळे जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते. नदीकाठची अशी पांढरीची टेकाडे म्हणजेच प्राचीन गावांचे अवशेष होत. ही माती खतासारखी उपयोगी असल्याने शेतकरी ती उकरून शेतात टाकतात. घरबांधणीसाठी व वीटभट्ट्यांसाठीही ती नेली जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो; परंतु त्या मातीबरोबर मडकी जातात आणि मडक्यांबरोबर त्यांतील बारीक हाडे जातात. मोठ्या माणसाची कवटी निदान नजरेस पडते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मात्र काडीएवढ्या असल्याने त्या मातीतच मिसळून जातात. ज्या पुराव्याचे वैज्ञानिक मोल सर्वाधिक, तोच सर्वांत आधी नष्ट होतो.

पुरातत्त्वीय उत्खनन शासनाच्या परवानगीशिवाय करता येत नाही आणि करूही नये. परंतु गावनिहाय पांढरीच्या टेकाडांची नोंद करणे, त्यांची छायाचित्रे व मोजमापे ठेवणे, पृष्ठभागावर दिसणाऱ्या खापरांचे वर्णन लिहून ठेवणे आणि कोठे अस्थी उघड्या पडल्यास त्या न हलवता संबंधित खात्यास कळविणे, ही कामे महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना निश्चितच करता येतील. अस्थींच्या ओळखीसाठी शरीररचनाशास्त्राच्या जाणकारांची गरज असते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था जिल्ह्यातच आहे. इतिहास, भूगोल, प्राणिशास्त्र आणि वैद्यक यांच्या सहकार्यातून उभे राहणारे काम हे खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय ठरेल.

येथे नैतिक बाजूचाही विचार आवश्यक आहे. उत्खननात मिळालेली अस्थी ही वस्तू नसून ती कोण्या एका माणसाची आहे, याचे भान संशोधकाने राखले पाहिजे. गावकऱ्यांच्या भावना, त्यांची श्रद्धा आणि त्यांचा जमिनीवरील हक्क यांचा मान राखून केलेले कामच टिकाऊ ठरते. टेकाडाची माती नेणाऱ्या शेतकऱ्याला दोषी ठरविण्यापेक्षा त्या मातीत त्याच्याच भूमीतील पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास आहे, हे त्याला समजावून सांगणे अधिक फलदायी होईल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. लेखनपूर्व समाजातील सामान्य माणसाचे, विशेषतः माता व बालकांचे, आरोग्य जाणून घेण्यासाठी अस्थी व दात हे अत्यंत निकटचे साधन आहे.

२. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन पुराव्यावरून शेतीचा ऱ्हास म्हणजे सरसकट अनारोग्य किंवा भटके जीवन म्हणजे सरसकट आरोग्य, असे एकेरी सूत्र मांडता येत नाही. दात आणि हाडे जीवनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांची साक्ष देतात. दोन्हींचा मेळ घालूनच निष्कर्ष काढला पाहिजे.

३. हाडावरील खुणांचा अर्थ लावताना मातीचे परिणाम, दफनविधी आणि मृतांच्या संचाचे एकांगी स्वरूप यांचा विचार अपरिहार्य आहे.

४. गोदावरी व भीमा खोऱ्यांच्या जलविभाजकावर असलेल्या बीड जिल्ह्यातील पांढरीच्या टेकाडांची नोंद व रक्षण हे या अभ्यासाच्या दृष्टीने निकडीचे काम आहे.

इनामगावच्या घराखाली दोन मडक्यांत निजविलेल्या बालकांना स्वतःची भाषा लिहिता येत नव्हती व त्यांच्या आईबापांनाही नव्हती. तरीही त्यांच्या काळी अन्न पुरत होते की नाही, हा प्रश्न आजच्या अभ्यासकाला त्यांच्याकडून समजून घेता येतो. दुष्काळाची झळ प्रथम कोणाला लागते, हा प्रश्न मराठवाड्यात आजही जुना झालेला नाही. म्हणूनच त्या बालकांची साक्ष मातीबरोबर वाहून जाऊ न देणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.